‘क’ची तपासणी: छिन राज्यातलं एक कुष्ठरोग प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातली नावं सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच काढून टाकलेली आहेत, त्यामुळे ती बदलण्याचे कष्ट मला घ्यावे लागले नाहीत. 1975 च्या अखेरीस चीनच्या हूबेई प्रांतात, युनमंगजवळच्या शुईहूदी या ठिकाणी काही प्राचीन थडगी सापडली. त्यांतल्या 11 क्रमांकाच्या थडग्यात एका पुरुषाच्या सांगाड्याभोवती मजकूर लिहिलेल्या, बांबूच्या 1,150 हून अधिक अरुंद पट्ट्या रचून ठेवल्या होत्या. हा माणूस म्हणजे शी नावाचा, छिन या प्राचीन चिनी राज्याचा सरकारी कारकून. जन्म इ.स.पू. 262, त्याच्या आयुष्याच्या टिपणातली शेवटची नोंद इ.स.पू. 217 ची. इ.स.पू. 235 मध्ये तो यान इथे फौजदारी प्रकरणांचं काम पाहत होता. आयुष्यभर ज्या कागदांवर पोट भरलं, ते तो सोबत घेऊन गेला: कायद्यांच्या नकला, कायद्यातल्या अडचणींची प्रश्नोत्तरं आणि चौकशीचा अहवाल कसा लिहावा याचे 25 भागांतले नमुने.

या नमुन्यांत माणसांना नावं नाहीत. जिआ, यी, बिंग, डिंग अशी अनुक्रमाची अक्षरं आहेत, आपल्या अ, ब, क, ड सारखी. मीही तीच वापरतो. आपल्या प्रकरणात ‘अ’ म्हणजे वस्तीप्रमुख, ‘क’ म्हणजे त्याच वस्तीतला एक सामान्य पुरुष आणि ‘ड’ म्हणजे वैद्य. ‘ब’ या नोंदीत नाहीच. हे नमुने शिकाऊ कारकुनांसाठी होते. पण त्यांतले तपशील इतके अंगाला भिडणारे आहेत, की खऱ्या फायलींवरून नावं पुसून ते तयार केले असावेत असं मला वाटतं. निव्वळ कल्पनेतून कोणी ‘नाकात टोचलं तरी शिंक आली नाही’ असं लिहीत नाही.

प्रकरण समजायला छिन राज्यात माणसाच्या शरीराकडे कसं पाहत, हे आधी पाहावं लागतं. त्या काळच्या चीनमध्ये अपंग शरीर ही दुर्मीळ गोष्ट नव्हती, आणि बऱ्याचदा ते शासनानेच घडवलेलं असे. कपाळावर गोंदणं, नाक कापणं, पाय तोडणं, खच्ची करणं या रीतसर शिक्षा होत्या. इ.स.पू. 539 मध्ये छी या दुसऱ्या चिनी राज्याचा मंत्री यान यिंग आपल्या राज्याच्या बाजाराचं वर्णन करतो: साधे जोडे स्वस्त झालेत आणि पाय तोडलेल्यांचे जोडे महाग. एका वाक्यात दंडव्यवस्थेचा ताळेबंद. अशा माणसांना कामही ठरलेलं असे. झोऊ राजवटीच्या प्रशासनाचं आदर्श चित्र रंगवणाऱ्या एका ग्रंथात गोंदलेल्याने दार राखावं, नाक कापलेल्याने सीमेवरचं नाकं राखावं, पाय तोडलेल्याने राजाचं उपवन राखावं अशी वाटणी आहे. आणि हे केवळ ग्रंथातलं नाही. त्या काळातलं काशाचं एक चौकोनी पात्र सापडलंय. त्याच्या खालच्या कप्प्याच्या दाराशी पाय तोडलेल्या रखवालदाराची छोटी मूर्ती आहे.

जन्मजात किंवा आजाराने आलेलं अपंगत्व ही वेगळी नोंद. छिनच्या वहीत अशा लोकांचा स्वतंत्र वर्ग होता आणि त्यांना सक्तीच्या कामात व सैन्यात सवलत मिळे. म्हणूनच ती नोंद खोटी निघाली तर वस्तीप्रमुखाला आणि वस्तीच्या वडीलधाऱ्यांना दंड होता. सरकारी कचेऱ्यांवर पहाऱ्याला बसवलेल्या अपंगांचा उल्लेखही शीच्या प्रश्नोत्तरांत येतो. त्याच प्रश्नोत्तरांत आणखी एक नियम आहे. पोटच्या मुलाला मारणं हा गुन्हा, शिक्षा कपाळावर गोंदण आणि सक्तमजुरी. पण मूल जन्मतः विचित्र किंवा अपुऱ्या अवयवांचं असेल आणि आईबापांनी मारलं, तर गुन्हा नाही. लगेच पुढे खुलासा: मूल धडधाकट असून केवळ मुलं फार झाली म्हणून मारलं, तर तो मात्र खूनच.

हे सगळं सांगायचं कारण असं, की या राज्याला अपंग शरीराचं वावडं नव्हतं. त्याच काळातला विचारवंत शुनझी तर लिहितो, की अशांना राज्याने गोळा करून पोसावं आणि झेपेल ते काम द्यावं. पहाऱ्याला बसवता येईल, मोजता येईल, वहीत मांडता येईल, अशा शरीराला जागा होती. ‘क’चं शरीर त्यात बसत नव्हतं.

प्रश्न काय होता

नोंदीची सुरुवात कोरडी आहे. अमुक वस्तीचा प्रमुख ‘अ’ याने त्याच वस्तीतल्या ‘क’ला हजर केलं आणि सांगितलं: कुष्ठरोगाचा संशय आहे, म्हणून आणलंय. संपली तक्रार. चोरी नाही, मारामारी नाही, कर बुडवणं नाही.

मात्र ज्या कचेरीत त्याला आणलं, ती गुन्ह्यांची चौकशी करणारी. त्याच नमुन्यांच्या जुडग्यात गळफास घेतलेल्याच्या प्रेताची पाहणी आहे, घरफोडीतल्या भोकाची मापं आहेत, न ऐकणाऱ्या गुलामाविरुद्ध मालकाची तक्रार आहे. रोगी माणूस तिथे कोणत्या नात्याने उभा राहतो? आरोपी, साक्षीदार की नुसताच पुरावा?

कायद्याने यावर विचार केला होता. शीच्या प्रश्नोत्तरांत कुष्ठरोग्यांविषयी तीन कलमं आहेत आणि तिन्ही प्रकरणाच्या मुळाशी जातात.

एक: कुष्ठरोग्याने गुन्हा केला, तर त्याला ठार करायचं, आणि तेही जिवंतपणी पाण्यात बुडवून. कोणीतरी शंका काढलीय की जिवंत पुरलं तर चालेल का. उत्तर येतं, पुरणं ही वेगळी बाब आहे.

दोन: आधीच सक्तमजुरीची शिक्षा भोगत असलेल्या कैद्याला कुष्ठरोग झाला, तर त्याची रवानगी कुष्ठरोग्यांसाठी ठरवून दिलेल्या जागी करायची.

तीन: गुन्हा घडलाय, निकाल अजून लागायचाय आणि मधल्या काळात रोग उघड झाला. मग काय? इथे दोन मतं नोंदवली आहेत. एक म्हणतं, रोग्यांच्या जागी हलवा. दुसरं म्हणतं, हलवा आणि तिथे बुडवून मारा. संकलकाने निवाडा केलेला नाही. दोन्ही मतं शेजारी ठेवून तो पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

तीनही कलमं एकत्र वाचली की लक्षात येतं, सगळी भिस्त क्रमावर आहे. आधी शिक्षा आणि मग रोग असेल, तर माणूस जगतो. आधी रोग आणि मग गुन्हा असेल, तर पाणी. गुन्हाच नसेल, तर रवानगी. म्हणजे ‘क’ला रोग आहे की नाही हा कचेरीपुढचा अर्धाच प्रश्न होता. रोग कधीपासून आहे आणि त्याच्या नावावर काही गुन्हा आहे का, हा दुसरा अर्धा.

समोरचे पर्याय

वस्तीप्रमुख ‘अ’पासून सुरुवात करू. पहिला पर्याय गप्प बसण्याचा. ‘क’ काही आदल्या दिवशी आजारी पडला नव्हता. त्याच्या आजाराचा इतिहास, पुढे येईल त्याप्रमाणे, बालपणापर्यंत जातो. इतकी वर्षं वस्तीने त्याला पाहिलं होतं. मग आताच का? नोंदीत कारण नाही, पण ‘अ’च्या डोक्यावर काय टांगलेलं होतं हे कायद्यातून दिसतं. छिनमध्ये घरांचे पाच-पाचाचे गट असत आणि ते एकमेकांना जबाबदार धरले जात. वयाची सवलत खोटेपणाने घेणारा पकडला गेला तर त्याला दोन चिलखतांच्या किमतीचा दंड, न कळवणाऱ्या प्रमुखाला व वडीलधाऱ्याला प्रत्येकी एका चिलखताचा, गटातल्या प्रत्येक घराला एका ढालीचा आणि वर सगळ्यांना हद्दपारी. अशा व्यवस्थेत कळवण्याला किंमत पडत नाही, न कळवण्याला पडते. ‘अ’ दुष्ट होता असं मानायची मला गरज वाटत नाही. त्याच्या जागी हिशेबी माणूस हेच करील.

दुसरा पर्याय होता ‘क’ची अपंगांच्या वर्गात नोंद करण्याचा. पायाने लंगडतो, हाताने काम होत नाही, एवढं पुरलं असतं. झुआंगझी या ग्रंथात शू नावाच्या वेड्यावाकड्या शरीराच्या माणसाची गमतीदार गोष्ट आहे. हनुवटी बेंबीत लपलेली, खांदे डोक्याच्या वर. शिवणकाम, धुणं आणि धान्य पाखडणं यांवर तो दहा माणसांचं पोट भरतो. सैन्यभरतीची माणसं आली की हा त्यांच्यातून हात हलवत खुशाल फिरतो, कारण त्याला कोणी नेणार नाही. आणि आजाऱ्यांना धान्य वाटायची वेळ आली की तीन मापं धान्य आणि सरपणाच्या दहा मोळ्या घेऊन घरी. गोष्टीला तत्त्वज्ञानाचं टोक आहे, पण ती ज्यावर उभी आहे ती सवलत खरी. ‘क’चा शू होऊ शकला असता. पण नोंद चुकीची ठरली तर दंड पुन्हा ‘अ’लाच. शिवाय तो चेहरा पाहून कोण म्हणणार, हा नुसता लंगडा आहे?

तिसरा मार्ग सरकारी नव्हता: वाळीत टाकणं. याचा पुरावा याच नमुन्यांत आहे, आणि मला तो मूळ प्रकरणाइतकाच बोलका वाटतो. दुसऱ्या एका वस्तीतली वीस माणसं आपल्या शेजाऱ्याला घेऊन कचेरीत येतात. तक्रार अशी की याच्या बोलण्यात विष आहे, याच्यासोबत खाणंपिणं अवघड झालंय. तो बिचारा सांगतो: माझ्या आईची आई तिशी ओलांडल्यावर याच आरोपावरून हद्दपार झाली होती. माझ्या घरी पूजा असली की मी यांना बोलावतो, हे येत नाहीत. मला तर कधी बोलावतच नाहीत. वस्तीच्या पूजेला एकत्र जेवायला बसलो तरी माझ्या भांड्यातून कोणी पीत नाही. माझ्याकडे विष नाही आणि माझ्यावर दुसरा गुन्हा नाही. भांडं वेगळं ठेवण्याची ही रीत मराठी वाचकाला समजावून सांगावी लागू नये. पण इथे महत्त्वाचं हे, की वाळीत टाकून वस्तीचं भागलं नाही. अखेर तीही कचेरीतच आली.

‘क’पुढे फारसे पर्याय नव्हते. रोग नाकारायचा, तर चेहरा साक्ष देत होता. पळायचं, तर फरारी होणं हा स्वतंत्र गुन्हा, आणि मग थेट पहिलं कलम. उरलं बोलणं.

काय केलं

चौकशी कशी करावी याचे नियमही शीजवळ होते, आणि ते वाचून आश्चर्य वाटतं. मार न देता सत्य काढणं उत्तम, मार देऊन काढणं हलकं, धाक दाखवणं म्हणजे चौकशी फसली. समोरचा खोटं बोलतोय हे कळत असलं तरी त्याला पूर्ण बोलू द्यावं, सगळं लिहून घ्यावं, मग उलट प्रश्न विचारावेत.

‘क’ला विचारलं. तो म्हणाला: तीन वर्षांचा असताना अंगावर खपल्यांचे फोड आले, भुवया सुजल्या. हा कोणता रोग, ते कळायला मार्ग नव्हता. दुसरा कोणताही गुन्हा नाही.

तीन वाक्यं. वर सांगितलेली कलमं डोक्यात ठेवून ती पुन्हा वाचा. पहिल्या वाक्याने त्याने रोगाची सुरुवात बालपणात नेली. ही गोष्ट त्याच्या बाजूची वाटते: इतकी वर्षं मी तुमच्यात राहिलो, मी काही लपवलं नाही. पण तिचा दुसरा अर्थ भयंकर आहे. रोग तिसऱ्या वर्षापासूनचा असेल, तर त्याच्या नावावर निघणारा कोणताही गुन्हा रोगानंतरचाच ठरणार, आणि रोगानंतरच्या गुन्ह्याला पाणी. दुसऱ्या वाक्यात तो हे थोडं सैल करतो. फोड होते, पण रोग कोणता ते माहीत नव्हतं. हे जाणूनबुजून केलेलं होतं का, सांगता येत नाही. मला तरी तो साधेपणाने खरं बोलतोय असं वाटतं. तिसरं वाक्य मात्र ठरीव आहे. ‘दुसरा गुन्हा नाही’ ही शब्दरचना इतर नमुन्यांतही येते, विषारी बोलण्याचा आरोप असलेला माणूसही तेच म्हणतो. इतरांच्या तोंडी ती नुसती औपचारिक असेल. ‘क’च्या तोंडी तिच्यावर जीव टांगलेला आहे.

यानंतर अधिकाऱ्याने स्वतः निर्णय घेतला नाही. वैद्य ‘ड’ला तपासायला सांगितलं. हा या प्रकरणातला सगळ्यांत समजूतदार टप्पा.

‘ड’चा अहवाल असा: ‘क’ला भुवया नाहीत. नाकाचा दांडा मुळातून बसला आहे, नाकपुड्या खराब झाल्या आहेत. नाकात टोचून पाहिलं, शिंक आली नाही. कोपर आणि गुडघ्यांविषयी काही शब्द आहेत, पण पट्टी तिथे झिजली आहे. चाल लंगडी, तळपायाला एका ठिकाणी व्रण फुटलेला. हातावर लव नाही. ओरडायला सांगितलं, तर आवाज आणि श्वास दोन्ही तुटलेले. हा कुष्ठरोग आहे.

रोगाचा जंतू हॅन्सन या नॉर्वेच्या डॉक्टरला दिसला तो 1873 मध्ये. त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधीचा हा अहवाल आजच्या त्वचारोगतज्ज्ञासमोर ठेवला तरी त्याला ओळख पटेल. भुवया झडणं, नाक बसणं, संवेदना जाणं, तळव्याला न दुखणारा व्रण, स्वरयंत्र बिघडून घोगरा झालेला आवाज: रोगाच्या तीव्र प्रकाराची ही सगळी लक्षणं आहेत. आणि ‘ड’ नुसता पाहत नाही, तो परीक्षा घेतो. टोचतो, चालवतो, ओरडायला लावतो. हातावरच्या लवेचा उल्लेखही निरर्थक नाही. ती असायला हवी होती आणि नाही, याचा अर्थ ‘क’ वयात आलेला पुरुष आहे.

ही लक्षणं फक्त वैद्यांना ठाऊक होती असं नाही. सूडाची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. मालकाचा बदला घ्यायला निघालेला यू रांग ओळख लपवण्यासाठी अंगाला लॅकरच्या झाडाचा चीक फासतो, म्हणजे कातडी सुजून फोड येतात आणि तो कुष्ठरोगी दिसतो. गोष्टीच्या एका पाठात तो दाढी-भुवयाही काढतो आणि बाजारात भीक मागायला बसतो. बायको पाहते आणि म्हणते, रूप माझ्या नवऱ्याचं नाही, पण आवाज किती त्याच्यासारखा! तेव्हा तो कोळसे गिळून आवाज बसवतो. कातडी, भुवया, आवाज. यू रांगच्या सोंगाची ही यादी ‘ड’च्या अहवालाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. कुष्ठरोगी कसा दिसतो आणि कसा ऐकू येतो हे लोकांना पक्कं माहीत होतं, आणि त्याच्याकडे कोणी निरखून पाहत नाही, हेही. यू रांगला तेच हवं होतं.

नाकाची गोष्ट वेगळी. मोठ्या चोरीला, म्हणजे पाचांपेक्षा कमी जणांनी मिळून 660 नाण्यांहून अधिक चोरलं तर, कपाळ गोंदून नाक कापण्याची शिक्षा होती. ज्या रस्त्यावर नाक नसलेला माणूस म्हणजे चोर, त्या रस्त्यावर ‘क’ रोज हिंडत होता.

निष्पत्ती

‘ड’च्या ‘हा कुष्ठरोग आहे’ या शब्दांवर नमुना संपतो. कारकुनाला शिकवायचं होतं ते इथपर्यंतच: विचारावं काय, तपासावं काय, लिहावं कसं. पुढचं काम कायद्याच्या वहीचं.

‘क’चं ‘दुसरा गुन्हा नाही’ हे टिकलं, तर त्याची रवानगी रोग्यांच्या जागी होणार होती. ही शिक्षा नाही, असं कोणी म्हणेल. पण छिनच्या कायद्यात 220 नाण्यांच्या आतल्या चोरीलाही हद्दपारीच होती. म्हणजे किरकोळ चोर आणि निरपराध रोगी या दोघांच्या बाबतीत कचेरी एकच गोष्ट करत होती: गावातून काढून दुसरीकडे नेऊन ठेवणं. चोर मुळात काही करून तिथे पोहोचला होता, एवढाच फरक.

‘अ’ मोकळा झाला. वस्तीच्या वहीतून एक अडचणीची नोंद गेली. वैद्याने काम चोख केलं, अधिकाऱ्याने नियम पाळले, मारहाण झाली नाही. प्रक्रियेत बोट ठेवावं अशी ढोबळ चूक नाही, आणि प्रकरणातली खरी पेच इथेच आहे. निदान ढिसाळ असतं तर ‘क’ला लंगडा म्हणून निसटायला फट राहिली असती. ते इतकं अचूक होतं की फट उरली नाही.

वरच्या थरातल्या माणसाला हीच व्याधी झाली तर काय होई, त्याचंही उदाहरण इतिहासात आहे, पुढच्या हान काळातलं. पिंगयांगच्या सरदाराला ‘वाईट रोग’ झाला. तो आपल्या जहागिरीवर परत गेला आणि राजकन्या असलेली त्याची बायको पुढे सेनापती वेई छिंगशी विवाहबद्ध झाली. त्यालाही दूर जावं लागलं, पण स्वतःच्या मुलखात. बायकोला वाईट रोग झाल्यास तिला सोडता येतं, हे तर रीतिरिवाजांच्या ग्रंथातल्या सात कारणांपैकी एक. अशा स्त्रीच्या हातचा नैवेद्य पूर्वजांना चालत नाही, म्हणून. आपण यावर नाक मुरडण्याआधी दोन तारखा लक्षात ठेवलेल्या बऱ्या. निराधार कुष्ठरोग्याला वॉरंटशिवाय पकडून तपासणीसाठी नेण्याचा अधिकार पोलिसांना देणारा 1898 चा कायदा भारताने रद्द केला 2016 मध्ये. आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण आपल्या वैयक्तिक कायद्यांतून गेलं 2019 मध्ये.

काय वेगळं करता आलं असतं

त्या काळात जंतुसंसर्गाची कल्पना नव्हती, औषध नव्हतं, तेव्हा आजच्या मोजपट्टीने मापणं सोपं आणि निरुपयोगी. पण शीच्याच कागदांत, त्याच कचेरीच्या हाताशी असलेली काही साधनं होती आणि ती या प्रकरणात वापरलेली दिसत नाहीत.

पहिलं, दुसरं मत. याच नमुन्यांत भांडणात गर्भपात झालेल्या एका स्त्रीचं प्रकरण आहे. तिथे रक्ताची गाठ खरोखर गर्भ आहे का, हे ठरवायला ती पाण्याच्या भांड्यात हलवून पाहिली जाते, आणि शिवाय अनेकदा बाळंत झालेल्या दासींना बोलावून त्या स्त्रीची तपासणी करवली जाते. म्हणजे एकाच्या नजरेवर न विसंबण्याची रीत कचेरीला माहीत होती. ‘क’च्या वेळी एकटा ‘ड’. त्याचं निदान बरोबर होतं असं मला वाटतं; पण ‘ड’ इतका हुशार नसता तर? नाकावरच्या साध्या व्रणाचा माणूसही याच वाटेने गेला असता.

दुसरं, लेखी पडताळणी. आरोपी माणसाच्या मूळ गावच्या अधिकाऱ्याला पत्र पाठवून त्याचं नाव, दर्जा, वस्ती, आधीचे गुन्हे आणि माफ्या तपासून घेण्याचा नमुना शीजवळ तयार होता. ज्याचं जगणं-मरणं ‘दुसरा गुन्हा नाही’ या वाक्यावर ठरणार, त्याच्या बाबतीत असं पत्र आधी जायला हवं होतं. ते त्याच्या विरोधातही जाऊ शकलं असतं, हे खरं. पण रवानगी झाल्यावर कुठल्याशा जुन्या भांडणावरून कोणी त्याचं नाव घेतलं असतं, तर त्या वेळी हाताशी असलेला लेखी निर्वाळा कामी आला असता.

तिसऱ्या कलमातली दोन मतं हाही सुटायला हवा असलेला गुंता. निकाल लागायच्या आत रोग उघड झालेल्या माणसाला हलवायचं की मारायचं, हे कायद्याने अनिर्णीत सोडलं, म्हणजे ते स्थानिक अधिकाऱ्याच्या मनावर सोडलं. बाकी कायदा नाण्यांच्या संख्येपर्यंत आणि उंचीच्या बोटांपर्यंत नेमका आहे. नेमका इथेच तो हात झटकतो.

आणि घर. मालमत्ता जप्त करताना काय लिहायचं, याच्या नमुन्यात घराच्या खोल्या, छपराची कौलं, दारातली तुतीची झाडं, बायको, लग्न न झालेली मुलगी, मुलाची उंची, दास-दासी, एक कुत्रा एवढं सगळं येतं. ‘क’च्या नोंदीत त्याच्या घरी कोण आहे, हे विचारलेलंच नाही. पत्नी सोबत गेली का, मुलं होती का, त्यांना तपासलं का, त्यांचं पोट कोणी भरायचं? कन्फ्यूशियसचा शिष्य बोन्यू आजारी पडला तेव्हा गुरू खिडकीतून त्याचा हात हाती घेऊन ‘अशा माणसाला असा रोग!’ म्हणाले, हे ग्रंथात नोंदलं गेलं. तो रोग कुष्ठच, असं नंतरच्या एका ग्रंथाने म्हटलं. झुआंगझीमध्ये एका कुष्ठरोग्याला मध्यरात्री मूल होतं, तो घाईघाईने दिवा आणून पाहतो. धाकधूक एकच, की हे माझ्यासारखं तर नाही? साहित्याला हे प्रश्न सुचत होते. ते चौकशीच्या नमुन्यात यायला फार मोठ्या सुधारणेची गरज नव्हती. नोंदीत एका ओळीची भर पुरली असती: ‘क’च्या घरात कोण कोण आहेत, आणि त्यांची जबाबदारी आता कोणावर.